शाळेच्या बिल्डिंगचं काम कसं प्लॅन करावं: सुरुवात भर पावसात करा

आपल्याकडे बहुतेक खाजगी शाळांचं असं होते की मार्चमध्ये संस्थेची मीटिंग होते, यंदा उन्हाळ्यात बिल्डिंगचं काम काढू असं ठरते, एप्रिल परीक्षेत जाते, ठेकेदार मेच्या दुसऱ्या आठवड्यात हाती लागतो आणि जूनमध्ये पोरं शाळेत येतात तेव्हा पॅसेजमध्ये रेतीचा ढीग असतो. मी नागपुरातल्या एका संस्थेच्या बांधकाम कमिटीत आहे, दोन इमारतींची कामं जवळून पाहिली, पहिलं असंच झालं आणि दुसरं वेळेत झालं, फरक फक्त कॅलेंडरचा होता. म्हणून महिन्याप्रमाणेच सांगतो.

जुलै-ऑगस्ट. चांगला तास-दोन तास पाऊस पडून राहिला असेल त्या दिवशी पूर्ण बिल्डिंग फिरा. सोबत शिपाई काका पाहिजेतच, कोणत्या वर्गात बादली ठेवावी लागते हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसते. ओल दिसली की खडूने तिची कड आखा, बाजूला तारीख टाका, मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या पावसात ओल त्या रेषेच्या बाहेर गेली का ते लगेच समजते. मग गच्चीवर जा. आमच्या चौथीच्या वर्गात फळ्याच्या वर तीन वर्षं ओल येऊन राहिली होती, दोनदा वॉटरप्रूफिंगचे पैसे दिले, आणि शेवटी निघालं काय तर पावसाच्या पाईपच्या तोंडात कडुनिंबाचा पाला आणि त्यात रुतून बसलेलं एक प्लास्टिकचं शटल. पाणी तिथे घोट्याएवढं साचत होतं आणि आम्ही वरून केमिकल मारत होतो. उन्हात पाहिलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं.

भिंतीच्या भेगांचंही तसंच आहे. शहराच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे भेग कधी उघडते कधी मिटल्यासारखी वाटते. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने बसवून ठेवा, पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून हलून राहिली, तिच्यावर नुसतं प्लास्टर करून पैसे घालवू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. इमारत ३० वर्षांच्या वर गेली असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागते, पण त्याच्या आतली असली तरी सळ्या दिसून राहिल्या असतील तर करून घ्या. नुसतं डोळ्याने पाहून रिपोर्ट देणाऱ्याचा उपयोग नाही, काँक्रीट किती पक्कं आहे ते पाहणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट आणि सळईच्या गंजाची टेस्ट झालीच पाहिजे. याच वेळी मंजूर नकाशा शोधून काढा, मनपाचा असो की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास), जुन्या शाळांमध्ये तो कपाटात सहसा सापडत नाही आणि काढायला वेळ लागते. रंग, फरशी, आतलं प्लास्टर यांना सहसा परवानगी लागत नाही, पण कॉलम, बीम, जिना किंवा वरचा मजला यांना हात लावायचा म्हटलं की लागते. इमारत हेरिटेज यादीत असेल तर त्या कमिटीकडेही जावं लागते.

दिवाळीपर्यंत पैशाचं ठरलं पाहिजे, आणि संस्था इथेच सगळ्यात जास्त फसतात. ट्रस्टला कर्ज काढायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते, नंतर नाही चालत. खर्च फीमधून काढायचा विचार असेल तर २०११ च्या फी कायद्याप्रमाणे प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर नवीन सत्राच्या किमान सहा महिने आधी ठेवावा लागते. म्हणजे जूनची फी डिसेंबरच्या आत. मार्चच्या मीटिंगला तो रस्ता बंदच झालेला असतो. अंदाजपत्रकावर १० ते १५ टक्के वरचे धरा, जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल कोणी सांगू शकत नाही.

कोणतं काम आधी? कमिटीतले बरेच जण गेट आणि रंगावर येतात, कारण ते ॲडमिशनला दिसते. माझं मत पक्कं आहे: आधी गच्ची, मग वायरिंग, मग जिने आणि बाहेर पडायच्या वाटा, मग संडास-बाथरूम, रंग सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात कुलर लावतो आपण, वॉटर कुलर असतो, तिथे ओल्या हाताची लहान पोरं असतात, त्या प्रत्येक लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग पाहिजे म्हणजे पाहिजेच. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं आगीत गेली, जिना अरुंद होता, वर गवताचं छप्पर होतं. आपल्याकडे जिन्याखाली मोडके बेंच आणि जुने पेपर ठेवायची सवय आहे, ती जागा काम सुरू व्हायच्या आधीच रिकामी करा. फायरची यंत्रणा असेल तर लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागते, तेही याच यादीत लिहा. रॅम्पला जागा आधीच मोजा, उतार १:१२ चा लागतो, जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब होते, नकाशावर दोन पायऱ्यांच्या जागेत काढलेला रॅम्प व्हीलचेअरवाल्या मुलाच्या कामाचा नाही. आणि संडासाचं डिझाईन करताना बाईंना आणि मोठ्या मुलींना विचारा, कडी कुठे तुटते, पाणी कुठे येत नाही, त्या पाच मिनिटांत सांगतील.

जानेवारी-फेब्रुवारीत आयटमप्रमाणे दर मागवा, लमसम म्हणजे सगळ्या कामाचा एकच ठोक आकडा नको. तीन जणांचे कोटेशन एकाच यादीवर पाहिजेत, जीएसटीसकट की सोडून ते लेखी घ्या. बिलाचे शेवटचे १० टक्के एक पावसाळा निघेपर्यंत राहतील हे करारातच टाका.

मेमध्ये प्रत्यक्ष काम. पारा ४५ च्या आसपास असते, दुपारी १२ ते ४ मजुरांना सुट्टी द्या, स्लॅब-कोब्याचं काम पहाटे किंवा रात्री करा. भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या गरम हवेत पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे सतत ओलं ठेवणं, लागते आणि १४ दिवसांची शिफारस आहे. आमच्या पहिल्या कामात टँकर दोन दिवस आला नाही आणि कोब्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आल्या, सगळा उखडून पुन्हा केला. पाण्याची सोय ठेकेदारावर सोडू नका. रेती मेमध्येच भरून ठेवा, पावसाळ्यात उपसा बंद असते. छत्तीसगड-बालाघाटकडचे मजूर पेरणीसाठी मृगाच्या आसपास गावाला निघतात, म्हणून जड काम १० जूनच्या आत आटपलं पाहिजे. जुना रंग कोरडा घासू देऊ नका, त्यात शिसं असू शकते, भिंत ओली करून घासा. नवीन डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भाग) आत आहे ते वाचून घ्या.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीवर ४८ तास पाणी साचवून खालून पाहा. कुलरचे स्टँड, सोलरचे पाय, कॅमेऱ्याच्या वायरी, जे काही ड्रिल करायचं ते सगळं वॉटरप्रूफिंगच्या आधी झालं पाहिजे. मग ऑगस्टमध्ये जोरदार पाऊस लागला की शिपाई काकांना घेऊन तोच राउंड पुन्हा मारा. खडूच्या रेषा रंगाखाली गेल्या असतील, म्हणून मागच्या वर्षीचे फोटो मोबाईलवर उघडून प्रत्येक जागेवर हात फिरवून पाहा आणि भिंत कोरडी लागली तरच ठेकेदाराच्या शेवटच्या चेकवर सही करा.