वीजपुरवठा बदलल्यानंतर बंद पडलेला अँप्लिफायर बोर्ड कसा तपासावा

वीजपुरवठ्यात बदल केल्यावर अँप्लिफायर मुका झाला की पहिला संशय मुख्य आयसीवर जातो आणि ती काढण्याची घाई होते. ही घाई करू नये. बदलापूर्वी बोर्ड वाजत होता, म्हणजे दोष बहुधा आपण जिथे हात लावला तिथे, किंवा त्या जागेवर अवलंबून असलेल्या एखाद्या छोट्या सर्किटमध्ये असतो.

सुरुवातीला स्पीकर आणि प्लग दोन्ही काढावेत. त्यानंतर फिल्टर कपॅसिटर रिकामे करावेत. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी जोडून अर्धा मिनिट धरला की तो जवळजवळ रिकामा होतो. तरीही मीटरवर १ व्होल्टहून कमी दिसल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय घातक आहे.

वीज नसताना फ्यूज, ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) आणि दोन्ही रेल, म्हणजे धन व ऋण डीसी पुरवठ्याच्या वाहिन्या, तपासून घ्याव्यात. रेल व शून्य (ग्राउंड) यांच्यामधला रोध कपॅसिटर चार्ज होत जाईल तसा हळूहळू वाढला पाहिजे. तो काही ओहमांवरच अडकला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. टीडीए ७२९४ या पॉवर आयसीची धातूची पाठ ऋण रेलला जोडलेली असते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. नव्या पुरवठ्याला जागा करताना हीटसिंक हलला आणि आयसीखालची वीजरोधक अभ्रकाची चकती सरकली किंवा चिरली, तर ऋण रेल थेट चॅसिसला भिडते.

ट्रान्सफॉर्मर असेल तर पहिली चाचणी ६० वॅटचा फिलामेंट बल्ब फेजमध्ये सिरीज जोडून घ्यावी (एलईडी बल्ब इथे चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर शॉर्ट नाही. तो तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करावे. एसएमपीएस (स्विचिंग प्रकारचा वीजपुरवठा) बसवला असेल तर बल्बमुळे तो सुरूच न होण्याची शक्यता असते, म्हणून त्याऐवजी प्रत्येक रेलमध्ये ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टाकावा. सिग्नल नसताना टीडीए ७२९४ सुमारे ३० मिलिअँपिअर घेते, म्हणजे त्या रेझिस्टरवर साधारण १.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

आता रेलचे व्होल्टेज मोजावे. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायरनंतर ±१८ नव्हे, तर जवळपास ±२५ व्होल्ट देतो, आणि भार नसताना त्याहूनही थोडे जास्त. टीडीए २०३०ए या छोट्या पॉवर आयसीची कमाल मर्यादा ±२२ व्होल्ट आहे. अशा जोडणीत मात्र आयसी खरोखर गेलेली असू शकते. दोन्ही रेल समान नसतील, तर ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपच्या (शून्याच्या) तारेचा सोल्डरचा डाग आधी पाहावा.

रेल ठीक असूनही आवाज नसेल, तर प्रीअँपच्या (पॉवर आयसीआधी सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) पुरवठ्याकडे वळावे. समजा, २५ व्होल्टच्या रेलवरून ४७० ओहमच्या रेझिस्टरने १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड) चालत होता. त्या रेझिस्टरवर १० व्होल्ट पडत होते आणि तो सुमारे ०.२ वॅट उष्णता काढत होता. रेल ३५ व्होल्टवर नेली की त्यावर २० व्होल्ट पडतात आणि उष्णता चौपट, म्हणजे ०.८५ वॅट होते. अर्ध्या वॅटचा रेझिस्टर ती फार काळ सोसत नाही: आधी रंगाचे पट्टे तपकिरी पडतात, खालचा बोर्ड काळवंडतो आणि शेवटी रेझिस्टर तुटतो. पॉवर आयसी शाबूत असूनही तिच्यापर्यंत सिग्नल पोहोचत नाही. तिथे मोठ्या ओहमचा आणि किमान १ वॅटचा रेझिस्टर घालावा.

याहून फसवा दोष स्पीकर संरक्षणाच्या सर्किटमध्ये असतो. यूपीसी १२३७ सारखी आयसी ट्रान्सफॉर्मरच्या एसीवर लक्ष ठेवते आणि एसी नाहीशी झाली की स्पीकर जोडणारा रिले सोडते. ट्रान्सफॉर्मर काढून एसएमपीएस लावला की ती एसी कायमची जाते आणि निर्दोष बोर्ड गप्प राहतो. सुरू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा ‘टक’ आवाज आला नाही, तर एसी ओळखणाऱ्या तारेचे काय झाले ते आधी शोधावे. टीडीए ७२९४ च्या ९ व १० क्रमांकाच्या पायांवरही तसेच आहे: स्टँडबाय आणि म्यूट (आयसीला गप्प ठेवणाऱ्या अवस्था) सुटण्यासाठी तिथे ३.५ व्होल्टहून अधिक हवे, आणि हे व्होल्टेज देणारी तार नव्या जोडणीत सहज राहून जाते.

शेवटी रिलेच्या आधी, आउटपुट आणि शून्य यांच्यामध्ये डीसी मोजावा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्वस्त, जुना स्पीकर जोडून कमी आवाजात ऐकावे. डीसी रेलच्या व्होल्टेजच्या जवळ असेल, आणि मधली तार, पुरवठा व म्यूट हे सर्व ठीक ठरले असेल, तेव्हाच आयसी बदलावी. नवी आयसी बसवल्यावर पहिली चाचणी पुन्हा बल्ब किंवा रेझिस्टर लावूनच घ्यावी.