जुन्या इंग्रजी पाककृती करताना या चुका टाळा

व्हिक्टोरियन काळातली पाककृतींची आणि घरव्यवस्थेची पुस्तकं आता स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात. ती बघून कुणी ख्रिसमस पुडिंग करायला घेतं, कुणी कस्टर्ड, कुणी पाव. पदार्थ फसला की एकतर आपलाच हात वाईट ठरतो, नाहीतर ‘इंग्रजांना मुळात रांधता येतच नाही’ असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते दोन्ही खोटं. गडबड बहुतेक वेळा गॅसपाशी होत नाही, वाचताना होते. ज्या बायकांसाठी ही पुस्तकं लिहिली गेली त्यांच्या घरी कोळशाची लोखंडी रेंज, म्हणजे चूल आणि ओव्हन एकत्र असलेली मोठी शेगडी होती, हाताखाली निदान एक मोलकरीण होती, आणि अनेक गोष्टी इतक्या गृहीत होत्या की लिहायची गरजच वाटली नाही.

वेळ जशीच्या तशी पाळणं

मिसेस बीटनच्या 1861 च्या ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ची टिंगल करायची असली की सगळे गाजराकडे वळतात. मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकळा, असं त्यात लिहिलंय. मात्र त्याच जागी कोवळ्या गाजरांना अर्धा तास दिलाय, ते कुणी सांगत नाही. हिवाळाभर साठवलेलं, आत लाकडासारखा दांडा झालेलं गाजर आणि मंडईतलं आजचं गाजर यांना एकच घड्याळ चालणार नाही. शिवाय भाजी पूर्ण मऊ झाली तरच पचते, अशी त्या काळची समजूत होती. भाज्यांच्या वेळा सरळ बाजूला ठेवा आणि सुरी टोचून बघा. मांस आणि वाफवलेल्या पुडिंगांच्या वेळा मात्र कमी करू नका, त्या बऱ्याचशा खऱ्या आहेत.

आणखी एक. मिसेस बीटन म्हटलं की डोळ्यांपुढे पदर खोचलेली, पन्नाशीची अनुभवी बाई येते. प्रत्यक्षात पुस्तक आलं तेव्हा इझाबेला बीटन 25 वर्षांची होती आणि 1865 मध्ये, 28 व्या वर्षी ती गेली. तिच्या पाककृती वाचकांकडून आणि आधीच्या पुस्तकांतून गोळा केलेल्या होत्या. इलायझा ॲक्टनच्या 1845 च्या पुस्तकातून तर बऱ्याच उचललेल्या. साहित्य वर, कृती खाली, शेवटी वेळ, खर्च आणि ऋतू ही मांडणी बीटनची खरी कामगिरी. पण एखादी कृती पटत नसेल तर ॲक्टनचं पान उघडून ताडून बघा. ॲक्टन स्वतः करून बघून लिहायची आणि ते वाचताना कळतं.

माप आणि यीस्ट

ब्रिटिश पाइंट म्हणजे 568 मिली, अमेरिकन 473. त्याच पुस्तकाची अमेरिकन आवृत्ती किंवा अमेरिकन मापांचा तक्ता समोर ठेवला तर दर पाइंटमागे जवळजवळ शंभर मिली दूध कमी पडतं आणि कस्टर्ड लापशीसारखं होतं. पौंड 454 ग्रॅम, औंस 28 ग्रॅम धरा. गिल दिसलं तर पाव पाइंट, म्हणजे 142 मिली. ‘अक्रोडाएवढं लोणी’ याला पंचवीस-तीस ग्रॅम पुरे. अंडी तेव्हा लहान असायची, म्हणून आपली गावठी अंडी त्या मापाला बरोबर बसतात. बाजारातली मोठी घेतली तर पाचाची चार करा.

यीस्टची चूक सगळ्यात महागात पडते. ‘दोन टेबलस्पून यीस्ट’ असं वाचून दोन मोठे चमचे इन्स्टंट यीस्ट घातलं की पीठ भांड्याबाहेर येतं आणि पावाला दारूच्या गुत्त्याचा वास सुटतो. त्या काळचं घरगुती यीस्ट म्हणजे बिअर गाळणाऱ्याकडून आणलेला पातळ, फेसाळ, थोडा कडवट द्राव. जोर कमी, तोही दर खेपेला वेगळा. अर्धा किलो मैद्याला आजचं इन्स्टंट यीस्ट पाच ते सात ग्रॅम पुष्कळ झालं.

पुडिंग चिकट, जड किंवा पांढुरकं होतं

इथे जरा थांबू, कारण इंग्रजी घरगुती स्वयंपाकाचा जीव भाजलेल्या केकपेक्षा या वाफवलेल्या पुडिंगांत जास्त आहे.

जुन्या पुडिंगांत सुएट असतं, म्हणजे गाईच्या किंवा मेंढीच्या गुर्द्याभोवतीची घट्ट, कच्ची चरबी. तिच्याऐवजी पातळ केलेलं लोणी किंवा तेल घातलं की पुडिंग जड होणारच. लोणी तेहतीस-पस्तीस अंशांना वितळतं, सुएट पंचेचाळीसच्या पुढे. पीठ बाहेरून आवळायला लागेपर्यंत सुएटचे कण घट्ट राहतात, मग वितळतात आणि मागे बारीक पोकळ्या ठेवून जातात. हलकेपणा येतो तो त्या पोकळ्यांमुळे. म्हणून चरबीचे तुकडे तुकडेच राहिले पाहिजेत. खाटिकाकडे बोकडाच्या गुर्द्याची चरबी मागितली तर मिळते. तिचा पापुद्रा काढायचा, थंड करून किसायची, किसताना वर मैदा भुरभुरायचा. शाकाहारी घरात वनस्पती तूप किंवा लोणी फ्रीजरमध्ये दगडासारखं करून जाड किसणीवर किसा आणि शेवटी, हलक्या हाताने मिसळा. हाताच्या उबेने वितळू दिलंत तर सगळी मेहनत वाया.

कापडात बांधलेल्या पुडिंगाची साल गिळगिळीत होते, त्याला कारणं दोनच. कापड कोरडं वापरलं, किंवा पाणी उकळत नव्हतं. सुती कापड उकळत्या पाण्यात बुडवून पिळायचं, पसरायचं, आतल्या बाजूला मैदा चाळायचा. ओल्या कापडावर त्या मैद्याची पातळ खळ बनते आणि तीच पाणी अडवते. पुडिंग खळखळत्या पाण्यातच सोडायचं. मध्ये पाणी आटलं तर भर घालायची तीही उकळत्या पाण्याचीच. एका पेल्या गार पाण्याने उकळी बसली की तेवढ्या वेळात पाणी आत शिरतं.

आपल्याकडे बहुतेक जण कुकरच वापरणार, आणि ते चांगलंच आहे. फक्त सुरुवातीलाच शिटी लावू नका. दाबाखाली पीठ फुगायच्या आत आवळतं आणि आत गोळा राहतो. वीसेक मिनिटं शिटीशिवाय वाफ जाऊ द्या, मग शिटी लावून मंद आचेवर पाऊण ते एक तास. भांड्यावर बटर पेपर बांधताना मध्ये एक चुणी ठेवा, नाहीतर वर आलेलं पुडिंग कागद फाडतं. उघड्या पातेल्यात वाफवत असाल तर तळाशी एक काचेची गोटी टाका. पाणी आहे तोवर ती टकटक वाजत राहते, आवाज बदलला की उठायचं.

ख्रिसमस पुडिंग पांढुरकं राहिलं अशी तक्रार आली की मी आधी विचारते, किती वेळ वाफवलं? दोन तासांत काळं पुडिंग होत नाही. उघड्या पातेल्यात सहा ते आठ तास लागतात. ट्रीकल, म्हणजे साखर करताना उरणारा काळा घट्ट पाक, त्याऐवजी काकवी चालते. मिक्स्ड स्पाइसऐवजी गरम मसाला मात्र घालू नका, त्यातले मिरी-जिरे पुडिंगाचं वाटोळं करतात. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ एवढं बास.

यॉर्कशर पुडिंग फुगत नाही

हे वाफवलेलं पुडिंग नव्हे, मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ तापल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये भाजलेला, रोस्टबरोबर खायचा खारा पदार्थ. फुगलं नाही तर तेल पुरेसं तापलं नव्हतं, दुसरं काही नाही. ओव्हन 220 अंशांवर, साच्यात तेल धुरावर आलेलं, आणि पीठ ओतल्यावर वीस मिनिटं दार बंद. छोट्या ओटीजीत साचा खालच्या कप्प्यावर ठेवा, वरची कॉइल जवळ असते. बेकिंग पावडर घालू नका. तरी बसकं झालंच तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. 2008 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे असं जाहीर केलं खरं, पण मूळचं पुडिंग भाजणाऱ्या मांसाखाली, ठिबकणाऱ्या चरबीत होणारं, मोठ्या ताटातलं आणि चपटंच होतं.

कस्टर्ड, आणि एक खरोखर धोक्याची गोष्ट

अंड्याचं कस्टर्ड फुटलं तर पातेलं लगेच गार पाण्यात ठेवा आणि मिक्सरमधून फिरवून गाळून घ्या. बऱ्याचदा वाचतं. बेक्ड कस्टर्डमध्ये अंड्याऐवजी कस्टर्ड पावडर चालत नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये पत्नीला अंडी सोसत नव्हती म्हणून जी पावडर बनवली तिच्यात अंडं नव्हतंच, घट्टपणा स्टार्चचा. पुण्याची वेकफील्ड घेतलीत तरी काम स्टार्चच करतो.

धोका आहे तो लॉरेलच्या पानांत. बीटनच्या कस्टर्डात बदामाच्या स्वादासाठी तीन लॉरेलची पानं दुधात उकळायला सांगितली आहेत. ही चेरी लॉरेल, इंग्लंडात घरोघर कुंपणाला लावलेली असते, आणि तिच्या पानांतून सायनाइड सुटतं. लेस्टर-लंडनकडच्या मराठी मंडळींनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण झाड अंगणातच असतं. बदामाचा इसेन्स दोन थेंब टाका आणि मोकळे व्हा. आपलं तमालपत्र विषारी नाही, पण त्याला बदामाचा वास येत नाही.

तीच सावधगिरी घरगुती नुस्ख्यांना. ‘सॉल्ट्स ऑफ लेमन’ हे नाव वाचून कुणी सायट्रिक ॲसिड समजेल. ते ऑक्झॅलिक आम्लाचं क्षार आहे, शाईचे आणि गंजाचे डाग काढायला वापरायचे, आणि ते पोटात गेलं तर विष. दूध नासू नये म्हणून बोरॅक्स, तान्ह्या मुलाला झोप लागावी म्हणून अफूचं औषध, हेही त्या काळी सर्रास होतं. तांब्याच्या भांड्यात लोणचं उकळून हिरवागार रंग आणायची युक्ती जुन्या पुस्तकांत सापडते. त्याचं वेगळं स्पष्टीकरण द्यायला नको, कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी करत नाहीत हे आपल्याकडे आजीने सांगितलेलं असतं. व्हिनेगरने साफसफाई खुशाल करा, पण त्यात ब्लीच मिसळू नका, क्लोरीन सुटतो.

वेळापत्रक उतरवून घेणं

या पुस्तकांतल्या घरांचा आठवडा असा: रविवारी मोठा रोस्ट, सोमवारी तेच मांस गार, मंगळवारी खिमा करून बटाट्याखाली. सोमवार कपडे धुण्याचा, म्हणून त्या दिवशी चूल कमी. व्यवस्था हुशार आहे, पण ती उत्तरेला तोंड असलेल्या, दगडी फळ्यांच्या गार लार्डरवर, म्हणजे अन्न साठवायच्या खोलीवर उभी आहे. पुण्याच्या मे महिन्यात शिजलेलं मांस ओट्यावर रात्रभर ठेवून बघायचं धाडस करू नका. दोन तासांत फ्रीजमध्ये.

आणि ते पहाटेपासून रात्रीपर्यंतचं रोजचं कामाचं रकानेवार वर्णन वाचून जीव दडपतो, तेव्हा बीटननेच दिलेला नोकरांचा तक्ता बघावा. वर्षाला हजार पौंड उत्पन्न असेल तर स्वयंपाकीण, दोन हाउसमेड, मुलांना सांभाळणारी आणि एक गडी. पाचशेला तिघी. दीडशे-दोनशेला सगळं करणारी एकच पोरगी, आणि अधूनमधून मदतीला आणखी एक. शेगड्यांना काळं पॉलिश, पायऱ्या घासणं, पितळ उजळणं हे त्या पोरीच्या वाट्याचं होतं, घरच्या बाईच्या नव्हे. त्यातलं आज घ्यायचंच असेल तर हिशेबाची वही घ्या, रोजच्या रोज लिहायची आणि महिन्याला जुळवायची. बाकीची पानं वाचायला छान आहेत.