चाळणीवर उरलेले दगड

मी बार्शीकडचा. आमच्याकडे माती म्हणजे काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, पावसात चपलेला किलोकिलोने चिकटणारी. कृषीच्या एम.एस्सी.ला मृदाशास्त्र घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात हीच माती होती. प्रबंधाला विषय मात्र मिळाला कोयना खोऱ्यातल्या डोंगरउतारावरच्या जंगलमातीचा. पहिल्या दिवशी ऑगर, म्हणजे माती काढायचा हाताने फिरवायचा गिरमिट, लावला, दोन वेढे फिरवले आणि १२ सेंटिमीटरवर 'टण्' वाजलं. मी वहीत लिहिलं: खोली १२ सें.मी., खाली खडक. वाट दाखवायला आलेले गावातले मामा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "खडक न्हाय त्यो, धोंडा हाय. जरा हिकडं लाव की." हातभर पलीकडे तोच ऑगर ४० सेंटिमीटर गेला. नंतर तिथंच खड्डा घेतला तर ९० सेंटिमीटरवर कुजका मुरूम लागला.

तेव्हा उतारावर काम करणार असाल तर ऑगरचा शब्द खरा मानू नका. एका ठिकाणी अडला तर आजूबाजूला चार-पाच जागी लावून बघा. घाटरस्त्याच्या कडेला कापलेली दरड मिळाली तर आयता छेद मिळाला असं वाटतं. पण तो पृष्ठभाग वर्षानुवर्षं उन्हाने वाळलेला, पावसाने धुतलेला असतो. कुदळीने फूटभर आत खरवडल्याशिवाय त्यावर एक अक्षर लिहू नये.

ही माती जागेवर बनलेली नसते, निदान पूर्ण नसते. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर रचलेला. वरच्या कड्याचे तुकडे सुटतात, खालच्या उतारावर येऊन पडतात, आणि त्यांच्यामधल्या फटीत पाला, मुळं, वाहून आलेली बारीक माती भरत जाते. म्हणून खड्ड्यात दगड बघताना आधी कोपरे बघायचे. नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत नसतात, धारदार असतात. त्यांची लांब बाजू बहुतेक वेळा उताराच्या दिशेने झोपलेली सापडते. सगळ्यात पक्की खूण मला मामांच्या पहारीने शिकवली. एकाच थरात एका दगडावर पहार मारली तर खणखणीत वाजते, शेजारच्या दगडावर मारली की 'भद' करून आत शिरते. ताजा आणि कुजलेला दगड शेजारी शेजारी नांदत असतील तर ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेत, हे उघड आहे. जागेवर कुजलेला बेसाल्ट असा दिसत नाही. त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे घट्ट गाभा राहतो.

खड्डा घ्यायचा तो चढाकडची भिंत सरळ ठेवून. वर्णन त्याच भिंतीचं करायचं आणि काढलेली माती खालच्या बाजूला टाकायची. मी पहिल्या खड्ड्याची माती वरच्या बाजूला टाकली होती. दुपारी ती सगळी घसरून माझ्या पाठीवर आली. वरची काळपट माती एका गोणपाटावर, खालची तांबडी दुसऱ्यावर ठेवा, बुजवताना कामाला येतं. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात एक घमेलं माती काढायलासुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. तो अर्ज पावसाळ्यातच टाका, म्हणजे नोव्हेंबरात काम सुरू होईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच कामाचे महिने. पावसाळ्यात जळवा आणि धुकं, मे महिन्यात माती अशी घट्ट की टिकावाचा दांडा मोडतो.

रंग बघायला मन्सेलचं पुस्तक लागतं. ओल्या ढेकळाचा रंग त्यातल्या चिकटवलेल्या चौकोनांशी ताडायचा. जांभूळ, अंजनी आणि हिरड्याच्या दाट सावलीत बसून हे करू नका. वरून येणारा उजेडच हिरवा असतो. माझे पहिले सहा रंग त्यामुळेच चुकले. ढेकूळ घेऊन मोकळ्या उन्हात जायचं. वरचा थर साधारण काळपट तपकिरी, पाल्यामुळे. खाली जाल तसा तांबूस होत जातो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघा. आमच्या बार्शीच्या मातीत चुनखडी असते, थेंब पडला की फसफसते. इथे काहीच होत नाही. कोयनानगरला वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, चुना कधीच धुवून गेलेला असतो. सामू (पीएच) बहुतेक ५ ते ६ च्या घरात मिळतो.

पोत हाताने ओळखण्यातही एक फसगत आहे. लाल माती ओली करून बोटात चोळली की आधी पोयट्यासारखी, रवाळ लागते. ते लोहाने घट्ट बांधलेले चिकणमातीचे बारीक कण असतात. दोन-तीन मिनिटं मळत राहा, थोडं थोडं पाणी घाला, मग ती चिकट होते. घाईत लिहिणारा चिकणमातीला पोयटा लिहून मोकळा होतो.

आता माझी मोठी चूक. पहिल्या हंगामात मी साठेक नमुने आणले. सावलीत वाळवले, खलात कुटले, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळले. शाळेपासून शिकवलेलं असतं की २ मिलिमीटरखालची ती माती. म्हणून चाळणीवर उरलेले दगड मी प्रयोगशाळेमागच्या डबक्यात टाकले, तिथे चिखल व्हायचा म्हणून. सरांना सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे पाल्यामुळांतून मातीत आलेल्या कार्बनचा, तक्ता दाखवला. आकडे छान होते, तीन-साडेतीन टक्के. सरांनी एकच विचारलं, "दगड किती निघाले?" मी गप्प. "वजन केलंस?" मी आणखी गप्प. पुढच्या हिवाळ्यात तेच सगळे खड्डे पुन्हा खणले. डबक्यात चिखल मात्र त्यानंतर झाला नाही.

दगडांचं वजन इतकं महत्त्वाचं का, हे आकड्यातच बघा. समजा वरच्या ३० सेंटिमीटरात बारीक मातीचा कर्ब २ टक्के आणि तिची घनता १.१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. सरळ गुणाकार केला तर हेक्टरी ६६ टन कर्ब येतो. पण त्या ३० सेंटिमीटरात ४० टक्के जागा दगडांनी व्यापली असेल तर खरा आकडा ३९.६ टन. उरलेले २६ टन फक्त कागदावर असतात. वर गंमत अशी की दगड जास्त असले की बारीक मातीतली टक्केवारी वाढलेली दिसते. तेवढाच पाला, तेवढीच मुळं कमी मातीत कोंबली जातात. म्हणजे सगळ्यात खडकाळ खड्डा तक्त्यात सगळ्यात समृद्ध दिसतो. झाडाला मिळणाऱ्या पाण्याचा हिशोबही असाच फुगतो.

त्यात वजनाचे टक्के आणि घनफळाचे टक्के यांची गल्लत. नवीन मुलं हमखास करतात, मीही केली. वजनाने ४० टक्के दगड म्हणजे घनफळाने ४० नव्हे. बेसाल्टचा भरीव दगड जड, जंगलातली वरची माती हलकी. दगडाची घनता २.७ आणि मातीची १ धरली तर घनफळाने ते साधारण २० टक्केच भरतात. मातीच्या वर्गीकरणात ३५ टक्क्यांची जी रेघ आहे, जिच्यापलीकडे मातीच्या नावाला 'स्केलेटल' (दगडाळ) हा शब्द लागतो, ती घनफळाची आहे. वजनाचा आकडा तिथे घातलात तर मातीचं नावच बदलतं.

घनता काढायची तर गोल कोअर, म्हणजे मातीत ठोकायची धातूची नळी, विसरा. हातोडीने ठोकला की एक तर दगडावर वाकतो, नाही तर दगड आत ढकलून माती दाबतो. त्याऐवजी छोटा खड्डा खणायचा, निघालेलं सगळं जपून गोळा करायचं, खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक अंथरून मोजून पाणी ओतायचं. पाणी किती मावलं ते खड्ड्याचं घनफळ. उतारावर पाणी खालच्या काठावरून सांडतं, म्हणून जागा आधी थोडी सपाट करून घ्या. मूठभरापेक्षा मोठे दगड तिथेच स्प्रिंगच्या काट्याला गोणी अडकवून तोलायचे आणि तिथेच सोडायचे. त्यांना पाठीवर घेऊन डोंगर उतरणं हा शहाणपणा नाही. प्रयोगशाळेत बारीक खडीच न्यावी. दगडाचं घनफळ पाण्यात बुडवून काढणार असाल तर कुजका दगड रात्रभर भिजत ठेवा. कोरडा टाकलात तर बुडबुडे सोडत पाणी पितो आणि आकडा कमी येतो.

कुजका मुरूम ही या मातीतली खरी डोकेदुखी. तो दगड की माती? जोरात चिरडला तर पीठ होतो. लोखंडी खलबत्त्यात कुटलात तर तुम्हीच माती तयार केलीत, चाळणीखालचं वजन वाढलं आणि चिकणमातीची टक्केवारीही बदलली. मी लाकडी दांडका वापरतो, तोही ढेकूळ फुटेल इतपतच. शंका असेल तर तुकडा पाण्यात टाकून तासाभराने बघा. ढेकूळ असेल तर विरघळतं, मुरूम तसाच राहतो. हा निकष परिपूर्ण नाही, पण सगळ्या नमुन्यांना एकच लावला आणि वहीत लिहून ठेवला तर नंतर कुणी विचारल्यावर उत्तर देता येतं.

अंतर मोजतानाही एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा. खोली उताराला काटकोनात मोजली तर क्षेत्रफळही उतारावरून चालत मोजलेलं घ्या. खोली सरळ उभी मोजली तर क्षेत्रफळ नकाशावरचं. एक इकडचं, एक तिकडचं घेतलं तर ३० अंशांच्या उतारावर १३ टक्क्यांहून अधिक फरक पडतो.

एवढं सगळं दगडांविरुद्ध लिहिल्यासारखं वाटेल, पण मला आता तेच आवडतात. फेब्रुवारीत वरची माती भुसभुशीत कोरडी असताना एक चपटा धोंडा उलटा करून बघा. खालची बाजू ओलसर असते, पांढऱ्या बुरशीचे धागे कागदावर रेघा मारल्यासारखे पसरलेले असतात, आणि कारवीची मुळं दगडाला चिकटून पट्ट्यासारखी चपटी झालेली असतात. पृष्ठभागावरची खडी पावसाचा मार अंगावर घेते, माती उडू देत नाही. दगडाच्या कडेने पाणी झरझर खाली उतरतं. याच गुणाची दुसरी बाजूही आहे. उतरलेलं पाणी खालच्या कातळावर अडलं की वरचा सगळा थर जड होतो. माळीण (३० जुलै २०१४) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) यांच्यानंतर उतारावरची माती पावसात काय करू शकते, हे सांगावं लागत नाही. मातीचा थर किती जाड आणि खाली कातळ कुठे, ही तुमच्या वहीतली रुक्ष नोंद दरडींच्या अभ्यासात उपयोगी पडू शकते.

नोकरीचं विचाराल तर या कामाला थेट जाहिराती कमी निघतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोसारख्या संस्थांमधले संशोधन प्रकल्प, पाणलोटाची कामं, जंगलातला कर्ब मोजणारे प्रकल्प, असं तुकड्यातुकड्यात मिळतं. मुलाखतीत मला दोनदा एकच प्रश्न आला: खडीची दुरुस्ती केली का? डबक्याची गोष्ट मी दोन्हीकडे सांगितली, एकीकडे काम मिळालं.

पिशवीत चिठ्ठी दोन ठिकाणी हवी, आत एक आणि बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेल्या. पेनची शाई ओल्या मातीत दोन दिवसांत धुवून निघते. आणि खड्डा त्याच दिवशी बुजवा: आधी मुरूम, मग तांबडी, वर काळी, सगळ्यात वर पाला. रात्री रानडुक्कर किंवा गव्याचं वासरू त्यात पडलं तर पुढच्या वर्षी परवानगी मागायला वनखात्याच्या दारात जाऊ नका. एवढं सगळं परत भरूनही खड्डा जरासा उंचवट्यासारखा राहतो. मामा म्हणायचे, "पाऊस पडू दे, बसंल."