हलकं स्टूल करायला घेण्याआधी

लाकूड आणि लोखंडाचं स्टूल घरी करायचं असेल, तर वखारीत जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन वजन ठरवा. मी तीन किलोच्या आतच ठेवतो. शाळकरी पोरीला एका हातानं उचलता यावं, आजीला बसल्या जागेवरून ओढून घेता यावं, एवढं ते हलकं हवं. आपल्या सांगलीत तर याला आणखी एक कारण आहे. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा कृष्णा गावात शिरली. पाणी चढतंय म्हटल्यावर वरच्या मजल्यावर आधी काय जातं आणि खाली काय राहतं, हे नदीकडच्या गल्ल्यांना सांगावं लागत नाही.

लोखंडाचं वजन दुकानात जाण्याआधीच काढता येतं. गजाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 नं भागा. मीटरला किती किलो ते मिळतं. 16 मिमीचा भरीव गज मीटरला जवळपास 1.58 किलो भरतो. चार पायांना 1.8 मीटर लागतो, म्हणजे नुसते पायच 2.8 किलो! म्हणून पायांना पाऊण इंची गोल पाइप घ्या, 18 गेजचा, म्हणजे 1.2 मिमी जाडीचा. तो मीटरला साधारण 530 ग्रॅम भरतो. 10 मिमीचा भरीव गज 617 ग्रॅम, म्हणजे पाइपापेक्षा जड, आणि तरी पाइप त्याच्यापेक्षा पाचपटीहून जास्त ताठ. लोखंड मधोमध साठण्याऐवजी बाहेरच्या कडेला गेलं की ते वाकायला तयार होत नाही. मला या हिशेबाचं अजून अप्रूप वाटतं.

मग पाय तीन की चार? तीन पायांचं स्टूल ओबडधोबड फरशीवरही डुगडुगत नाही, हे खरं. पण दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकलं की ते लवकर कलंडतं. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर चारच करा. बैठक 12 इंची गोल धरा, उंची 18 इंच. खाली पाय टेकतात तो चौकोन 13 इंचाचा ठेवा, म्हणजे अगदी कडेवर बसलं तरी भार पायांच्या आत पडतो. वर बैठकीखाली तोच चौकोन 7 इंचाचा. 18 इंचातून बैठकीची पाऊण इंच जाडी वजा केली की पायांची उंची सव्वासतरा इंच उरते, पण पाय तिरपे असल्यामुळे पाइप पावणेअठरा इंच कापावा लागतो. हे पुठ्ठ्यावर खऱ्या मापात काढून घ्या आणि तो पुठ्ठाच वेल्डरकडे न्या. तोंडी सांगितलेला तिरपेपणा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो.

लाकडात माझी पसंती जुन्या सागवानाला. वाडा उतरवला की दारांच्या फळ्या, तुळया जुन्या लाकडाच्या दुकानात येतात. ते लाकूड पुरतं वाळलेलं असतं, नंतर फारसं पिळत नाही. घेताना फळी डोळ्यासमोर आडवी धरून कडेवरून नजर टाका, बाक लगेच दिसतो. खिशात लोहचुंबक ठेवा आणि फळीवरून फिरवा. आत मोडून राहिलेला खिळा रंध्याचं पातं एका फटक्यात खातो. 12 इंच रुंद अखंड फळी महाग पडते. सहा-सहा इंचाच्या दोन जोडून घेतल्या तरी चालतं, फक्त जोड रात्रभर शिकंज्यात राहू द्या. जाडी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. एवढ्या बैठकीचं वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास येतं.

बाकीच्या खरेदीत 25 बाय 3 मिमीची पट्टी दोन फूट (बैठकीखालच्या फुलीसाठी), पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांना 8 मिमीचा गज साडेतीन फूट, 16 मिमी लांबीचे स्क्रू, रुंद वॉशर, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड (रंगाआधी लावायचं गंजरोधक अस्तर) आणि रंग. पाइप काळाच घ्या, जीआय (जस्त चढवलेला) नको. त्याच्यावरचं जस्त वेल्डिंगला जळतं आणि तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. टेप, गुण्या, ड्रिल, कानस, चष्मा घरात असतातच, नसतील तर शेजारी मागा.

वेल्डर आधी ठरवून ठेवा. 1.2 मिमीच्या पाइपाला जाड रॉड लावला की भोक पडतं. कुपवाडच्या एमआयडीसीकडं सीओटू वेल्डिंग (रॉडऐवजी बारीक तार आणि वायू वापरून) करणारे मिळतात, त्यांना हे काम सोपं जातं. साधंच वेल्डिंग असेल तर 2.5 मिमीचा रॉड आणि कमी करंट सांगा. आधी फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे, मग सांगाडा सपाट फरशीवर उभा करून खालच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. सारखे भरले की मगच पक्कं वेल्डिंग, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीनं, नाहीतर उष्णतेनं सांगाडा एका अंगाला ओढला जातो.

फुलीच्या पट्टीला भोकं रंगाच्या आधी पाडा. मधलं भोक स्क्रूच्या मापाचं, टोकांकडची चार मात्र 8 मिमीची, वर रुंद वॉशर. लाकूड पावसाळ्यात फुगतं, चैत्रात आकसतं, लोखंड जागचं हलत नाही. लाकडाला सरकायला वाव दिला नाही तर जोडावरच फळी चिरते. म्हणूनच बैठक लोखंडाला चिकटवूही नका.

रंगाला कोरडा दिवस बघा. घासून चकचकीत केलेलं लोखंड पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतं, तेव्हा घासणं आणि रेड ऑक्साइडचा पहिला हात एकाच दिवशी. पायांच्या रबरी टोप्या आठ आणा, चार बसवायला आणि चार डब्यात ठेवायला. फरशी पुसतानाचं पाणी उघड्या तोंडातूनच पाइपात शिरतं आणि गंज आतून धरतो, त्यामुळे टोपी फाटली की त्याच दिवशी बदला.