ऑनलाइन दुकानातील ऑर्डरींची माहिती ईमेल सेवेशी जोडताना

शहापूर-वडगावच्या साड्या, बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट, अथणीकडच्या कोल्हापुरी चपला असा माल विकणाऱ्या आपल्या भागातील अनेक दुकानांच्या आता स्वतःच्या वेबसाइट आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच वूकॉमर्स किंवा शॉपिफाय या ऑनलाइन दुकान चालवण्याच्या प्रणालींवर चालतात. तेथे प्रत्येक ऑर्डरबरोबर ग्राहकाचे नाव, पत्ता, माल, रक्कम आणि तारीख यांची नोंद आपोआप होत असते. तरीही दिवाळीच्या तोंडावर ईमेल पाठवायची वेळ आली की पूर्वी कधीतरी एक्सेलमध्ये उतरवलेली यादी मेलचिंप, ब्रेव्हो किंवा क्लेव्हियो यांसारख्या सेवेवर चढवली जाते आणि सगळ्यांना एकच मजकूर धाडला जातो. परवाच पूर्ण किंमत मोजून साडी नेलेल्या ग्राहकाला आज त्याच साडीवरील सवलतीची जाहिरात मिळते ती यामुळेच. दुकानाचा बॅकएंड, म्हणजे ऑर्डरी नोंदल्या जातात तो वेबसाइटचा आतला भाग, ईमेल सेवेशी कायमचा जोडला, तर हे टाळता येते. जोडणीचे बटण दाबायला फारसा वेळ लागत नाही. कोणती माहिती कोणत्या अर्थाने पाठवायची हे ठरवायला मात्र वेळ द्यावा लागतो आणि तो दिलाच पाहिजे. पुढील उदाहरणे प्रामुख्याने वूकॉमर्सची आहेत, परंतु विचार सर्वत्र तोच लागू पडतो.

एक ऑर्डर नीट पाहू

समजा, चंदगडच्या एका ग्राहकाने रात्री साडेबारा वाजता २४५० रुपयांची साडी मागवली आणि पैसे घरपोच देण्याचा पर्याय, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, निवडला. वूकॉमर्समध्ये या ऑर्डरची जी नोंद तयार होते तिच्यात काळजी घेण्याजोग्या चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट रकमेची. एपीआयमधून, म्हणजे दोन प्रणाली एकमेकींना माहिती देतात त्या वाटेने, ही रक्कम अंक म्हणून येत नाही, अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणून येते. ईमेल सेवेत ‘एकूण खरेदी’ नावाचे फील्ड (माहितीचा रकाना) आपण मजकूर प्रकाराचे ठेवले, तर ‘दोन हजारांपेक्षा जास्त खरेदी करणारे’ असा गट पाडताना गणित चुकते, कारण मजकुराच्या हिशेबात ९०० हे २४५० पेक्षा मोठे ठरते. म्हणून हे फील्ड सुरुवातीलाच अंक प्रकाराचे करावे. यादी भरल्यानंतर फील्डचा प्रकार बदलणे बहुतेक ठिकाणी त्रासाचे होते.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक नोंदीत दोन वेळा असतात, एक दुकानाच्या स्थानिक वेळेप्रमाणे आणि दुसरी जीएमटीप्रमाणे. आपली वेळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे असल्याने रात्री साडेबाराची ही ऑर्डर जीएमटीत आदल्या दिवशीच्या सायंकाळी सातची दिसते. दोन्ही टोकांना कोणती वेळ धरली आहे हे एकदा ठरवले नाही, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातील प्रत्येक ऑर्डर एक दिवस मागे पडते. शक्यतो जीएमटीची वेळ पाठवावी आणि ईमेल सेवेच्या खात्यात कोलकाता हा वेळपट्टा निवडावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे ऑर्डरची स्थिती. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर येताच वूकॉमर्स तिला ‘प्रोसेसिंग’ ही स्थिती देते आणि ऑनलाइन पैसे भरलेल्या ऑर्डरलाही नेमकी हीच स्थिती मिळते. म्हणजे जिचे पैसे खात्यात जमा झाले ती ऑर्डर आणि जी दारावरून परत येऊ शकते ती ऑर्डर, या दोन्ही बाहेरून एकसारख्या दिसतात. ईमेल सेवेने ‘प्रोसेसिंग’लाच विक्री मानले, तर पार्सल दोनदा परत पाठवणारा ग्राहक ‘आमचे खास ग्राहक’ या गटात जाऊन बसतो. आपल्याकडे घरपोच पैसे देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर असल्यामुळे हा दोष दुर्लक्षून चालत नाही. माझे मत असे आहे की खरेदीची एकूण रक्कम, ‘पुन्हा घेणार का’ हे पत्र आणि अभिप्रायाची विनंती या तिन्ही गोष्टी ‘कंप्लीटेड’ स्थितीवरच बांधाव्यात. त्यासाठी पार्सल पोचल्यावर ऑर्डर ‘कंप्लीटेड’ करण्याची शिस्त दुकानात हवी. नुसते कुरिअरवाल्याच्या हाती दिले की ती पूर्ण झाली असे मानायचे नाही. शिवाय पैसे भरण्याचा प्रकार हेही स्वतंत्र फील्ड म्हणून पाठवावे. ‘कॅन्सल्ड’, ‘रिफंडेड’ आणि ‘फेल्ड’ या स्थितीही पाठवल्याच पाहिजेत, नाहीतर जोडलेली रक्कम वजा होत नाही.

चौथी गोष्ट गावाची. सरकारी नोंदीत शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. ग्राहक मात्र बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम यांपैकी जे सवयीचे असेल ते, मराठी, कन्नड किंवा इंग्रजी लिपीत, हव्या त्या स्पेलिंगने लिहितात, त्यामुळे शहराच्या नावावरून गट पाडला तर निम्मे लोक बाहेर राहण्याची भीती असते. यावर पिनकोड हा भरवशाचा उपाय आहे. बेळगाव शहर आणि परिसराचे पिनकोड ५९० ने सुरू होतात, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे ५९१ ने, चंदगड-गडहिंग्लजसह कोल्हापूर जिल्ह्यातले ४१६ ने आणि गोव्याचे ४०३ ने. ज्यांच्या दुकानाचे निम्मे गिऱ्हाईक राज्याच्या सीमेपलीकडे राहते, त्यांना हे तीन अंक फार उपयोगी पडतात. कुंद्यासारखा लवकर खराब होणारा दुधाचा पदार्थ कुठवर पाठवायचा आणि त्याची जाहिरात कोणाला करायची, हे त्यांवरूनच ठरवता येते. एवढेच लक्षात ठेवावे की ‘४१६ ने सुरू होणारे’ अशी अट लावता यावी म्हणून पिनकोड मात्र मजकूर प्रकारच्या फील्डमध्ये ठेवायचा असतो.

ग्राहक कोण, हे कशावरून ठरते

बहुतेक ईमेल सेवांमध्ये माणसाची ओळख म्हणजे त्याचा ईमेल पत्ता. त्यामुळे पत्ता पाठवण्यापूर्वी त्याच्या मागच्यापुढच्या रिकाम्या जागा काढाव्यात आणि सर्व अक्षरे लहान करावीत. याहून मोठी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे अनेक ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर किंवा फोनवर येतात, आणि दुकानातील माणूस त्या बॅकएंडमध्ये भरताना ईमेलच्या जागी दुकानाचाच पत्ता टाकतो. जोडणी झाल्यावर अशा शेकडो ऑर्डरी एकाच ‘ग्राहका’च्या नावावर जमा होतात आणि तो दुकानाचा सर्वांत मोठा खरेदीदार दिसू लागतो. जोडणीपूर्वी असे पत्ते शोधून वगळावेत आणि यापुढे हाताने भरलेल्या ऑर्डरीत ईमेल नसेल तर ती जागा रिकामीच ठेवावी. फोन नंबर वेगळ्या फील्डमध्ये जाईलच.

संमती आणि भाषा

ऑर्डर दिली म्हणजे जाहिरातीचे ईमेल घेण्यास होकार दिला, असे होत नाही. ऑर्डरची पावती किंवा पार्सल निघाल्याची सूचना ही व्यवहाराची पत्रे आहेत आणि ती दुकानाकडूनच जावीत. सणाची सवलत ही जाहिरात आहे आणि तिला वेगळा होकार हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. म्हणून चेकआउटच्या पानावरील चौकोन आधीच टिक केलेला नसावा. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला असावा, अशीही तरतूद त्यात आहे. मराठी, कन्नड आणि कोंकणी या तिन्ही भाषा त्या अनुसूचीत असल्याने आपल्या भागातील दुकानाला हे सहज पाळता येण्यासारखे आहे आणि ते मनापासून पाळावे असे मला वाटते.

त्याच पानावर ‘ईमेल कोणत्या भाषेत हवेत’ असा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर ‘भाषा’ या फील्डमध्ये पाठवावे. आडनावावरून किंवा पिनकोडवरून भाषेचा अंदाज बांधू नये. एकाच गल्लीत दोन्ही भाषांची घरे असतात, आणि चुकीच्या भाषेतले पत्र ज्याला जाते त्याला ते खटकते. नावे देवनागरीत किंवा कन्नडमध्ये लिहिलेली असतील, तर हाताने फाइल चढवताना ती सीएसव्ही यूटीएफ-८ या प्रकारात जतन करावी, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

जोडणीचा मार्ग

ईमेल सेवेचे स्वतःचे तयार प्लगइन किंवा अॅप उपलब्ध असेल, तर लहान दुकानाने तेच वापरावे. ते बसवून खात्यात लॉगिन केले, यादी निवडली आणि फील्ड जुळवली की काम चालू होते. अर्धवट सोडलेल्या कार्टची नोंदही बहुधा त्यातच मिळते. ज्यांना व्हॉट्सअॅप, हिशेबाची शीट आणि ईमेल अशा अनेक ठिकाणी माहिती पाठवायची आहे त्यांनी झेपियर किंवा पॅब्ली कनेक्ट यांसारखी मधली सेवा घ्यावी. फक्त तिचे शुल्क बऱ्याचदा कामांच्या संख्येवर वाढत जाते, हे आधी पाहावे. स्वतःचा कोड लिहून घेण्याची गरज थोड्यांनाच असते. तसा लिहून घेतल्यास वेबहुकची, म्हणजे ऑर्डर येताच दुकानाकडून आपोआप बाहेर जाणाऱ्या संदेशाची, सही तपासणे, तीच ऑर्डर पुन्हा आली तर ऑर्डर क्रमांकावरून ओळखून दुसऱ्यांदा न मोजणे, आणि समोरच्या सेवेने वेग कमी करायला सांगितले तर थांबून पुन्हा प्रयत्न करणे, या तीन गोष्टी त्यात आहेत का, हे विचारून घ्यावे.

मार्ग कोणताही असो, खाती आणि एपीआयच्या किल्ल्या (जोडणीसाठीचे गुप्त संकेत) दुकानाच्या नावावर असाव्यात. साइट हुबळीच्या किंवा पुण्याच्या माणसाने बनवून दिली आणि किल्ल्या त्याच्याच ईमेलवर राहिल्या, तर तो काम सोडून गेल्यावर जोडणीही हातातून जाते. वूकॉमर्समध्ये किल्ली तयार करताना केवळ वाचण्याची परवानगी पुरेशी असेल तर तेवढीच द्यावी, आणि किल्ली व्हॉट्सअॅपवर पाठवू नये.

वूकॉमर्सवरील लहान दुकानांना एक अडचण हमखास येते. ऑर्डर झाल्यावर बाहेर पाठवायची माहिती आधी रांगेत जाते आणि ती रांग वूकॉमर्स ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या क्रॉनवर, म्हणजे ठरलेली कामे वेळच्या वेळी चालवणाऱ्या यंत्रणेवर, पुढे सरकते, जो साइटवर कोणी भेट दिली तरच जागा होतो. दिवसाला मोजकीच माणसे येणाऱ्या साइटवर रात्रीची ऑर्डर त्यामुळे सकाळपर्यंत पडून राहू शकते. होस्टिंगच्या नियंत्रण पटलावरून दर पाच मिनिटांनी हा क्रॉन चालवणारी नोंद लावली की प्रश्न मिटतो. याशिवाय, वेबहुक लागोपाठ पाच वेळा पोचला नाही तर वूकॉमर्स तो बंद करून टाकते, त्यामुळे त्याची स्थिती आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय लावावी.

जुन्या ऑर्डरी आणि पहिली चाचणी

जुन्या ऑर्डरी चढवण्यापूर्वी ईमेल सेवेतील सर्व ऑटोमेशन, म्हणजे आपोआप पत्रे पाठवण्याच्या योजना, बंद करावीत. तसे केले नाही, तर तीन वर्षांपूर्वी कुंदा मागवलेल्या ग्राहकालाही ‘आपल्या ऑर्डरबद्दल आभार’ असे पत्र आज जाईल. ज्यांची संमती नोंदलेली नाही त्यांना जाहिरातीच्या यादीत घेऊ नये. बऱ्याच सेवांचे दर संपर्कांच्या संख्येवर असल्याने त्यात पैशाचीही बचत आहे.

ईमेल पाठवताना प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता न वापरता दुकानाच्या डोमेनवरील पत्ता वापरावा. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या डोमेनच्या नोंदी) आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय आवश्यक केली आहे. गूगलच्या हिशेबात जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५००० पत्रे पाठवणारा मोठा प्रेषक ठरतो, परंतु लहान दुकानांनीही ही व्यवस्था करावी, कारण पत्र स्पॅममध्ये जाणे त्यामुळे बरेच कमी होते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. आधीची असेल तर तिच्यातच नव्या सेवेचा उल्लेख जोडावा, दुसरी नोंद करू नये.

चाचणीसाठी जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द टाकून वेगवेगळे ग्राहक तयार करता येतात आणि सर्व पत्रे आपल्याच पेटीत येतात. एक ऑर्डर ऑनलाइन पैसे भरून, एक घरपोच पैशांची, एक रद्द केलेली आणि एक संमती न दिलेली अशा चार ऑर्डरी देऊन ईमेल सेवेत प्रत्येकाची रक्कम, स्थिती, पिनकोड आणि भाषा नीट उतरली का, हे पाहावे. यानंतर त्यांपैकी एका पत्त्यावरून यादीतून बाहेर पडावे आणि ती नोंद दुकानाच्या बॅकएंडपर्यंत परत येते का, हे तपासावे. ती येत नसेल, तर त्या ग्राहकाच्या पुढच्या ऑर्डरीबरोबर त्याचे नाव पुन्हा यादीत जाण्याचा धोका राहतो. प्लगइनमध्ये ही उलटी वाट चालू करण्याचा पर्याय शोधावा, आणि तो नसल्यास ईमेल सेवेतील ‘बाहेर पडलेले’ ही स्थिती नव्या ऑर्डरीने बदलणार नाही अशी अट जोडणीतच घालावी. ही तपासणी पूर्ण झाल्यावरच ऑटोमेशन एकेक करून सुरू करावीत, आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला दोन्हीकडील ‘कंप्लीटेड’ ऑर्डरींची संख्या मांडून पाहावी. फरक दिसला, तर ठरावीक तारखेनंतर बदललेल्या ऑर्डरी पुन्हा पाठवून तो भरून काढता येतो.