१०८ वर नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी: छातीत दुखण्याचा कॉल

बीएएमएस करून १०८ वर रुजू झालात की छातीत दुखण्याचा कॉल लवकरच येतो. ईसीजीच्या लीड्स लावायला कुणीही शिकवेल. घरातली माणसं कशी सांभाळायची ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि पेशंट शर्ट चढवून दारात उभा: "चला डॉक्टर, मी येतो की चालत." दरदरून घाम फुटलाय, हात छातीवर, तरी चालणार! अशा माणसाला एक पायरीही उतरू देऊ नका. चाललं की हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीतल्या गुठळीमुळे नेमका तोच पोचत नसतो. पाठीला टेकू देऊन, गुडघे दुमडून बसवा. जिन्यात स्ट्रेचर वळत नसेल तर घरातली मजबूत खुर्ची मागा, कमरेला चादर बांधा आणि पाय पुढे करून उतरवा. खालची बाजू पायलटकडे, म्हणजे आपल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्या, उत्साही भाच्याकडे नको.

तोवर कुणीतरी इनो पाजलेलं असतं. "ॲसिडिटीच आहे हो." मधुमेह असेल तर जास्तच सावध राहा, कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा घाम येतो.

ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नाही ना, हे विचारून ३०० मिलिग्रॅम चावायला द्या. घरात बहुधा ७५ ची इकोस्प्रिन सापडते, म्हणजे चार गोळ्या. त्यांच्यावर लेप असतो, नुसत्या गिळल्या तर उशिरा विरघळतात.

शेजारचे काका आपली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी, जिभेखाली ठेवायची गोळी) पुढे करतात, ती घेऊ नका. आपणही बीपी बघितल्याशिवाय देत नाही. शिवाय काल-परवा व्हायग्रासारखी गोळी घेतली होती का, हे विचारावंच लागतं, कारण दोन्ही मिळून बीपी कोसळतं. बायकोसमोर तो खरं सांगणार नाही. वहिनींना आधार कार्ड आणायला आत पाठवा.

दुखणं कधी सुरू झालं? "सकाळपासून" हे उत्तर चालत नाही. चहाच्या आधी की नंतर, असं खोदून विचारा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते हॉस्पिटल त्या वेळेवरून ठरवतं. गाडी सुटली की लगेच तिकडे फोन करा, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) चालू आहे का विचारा.

डिफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे पॅड हाताशी ठेवा. बोलता बोलता माणूस मान टाकतो. मग पायलटला गाडी बाजूला घ्यायला सांगा. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे धावत्या गाडीत नीट जमत नाही.