हायपरफोकल डिस्टन्स: रानफुलंही शार्प आणि तोरणाही

पावसाळा संपत आला की सिंहगडावर सगळ्यांना एकच फोटो हवा असतो, पुढे रानफुलं आणि मागे राजगड-तोरणा, आणि बहुतेक जण फोकस सरळ तोरण्यावर लावून मोकळे होतात. मग डोंगर मस्त येतो पण फुलांचा नुसता पिवळा धब्बा. इन्फिनिटीवर, म्हणजे अगदी लांबच्या टोकाला फोकस लावला की त्याच्यामागची शार्पनेस फुकट जाते हो, तिकडे काही नसतंच ना, म्हणून फोकस जरा अलीकडे ओढायचा. किती अलीकडे, तर हायपरफोकल डिस्टन्सपर्यंत. तिथे फोकस केला की त्या अंतराच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प येतं.

गणित सोपंय. फोकल लेंथचा (लेन्सचा मिमीतला आकडा) वर्ग करा, त्याला ऍपर्चर (एफचा आकडा) गुणिले सर्कल ऑफ कन्फ्युजनने भागा, म्हणजे ठिपका किती पसरला तरी डोळ्याला शार्पच वाटतो ती मर्यादा (क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरला ०.०२ मिमी धरा, फुल फ्रेम म्हणजे मोठ्याला ०.०३). क्रॉप बॉडीवर १८-५५ किट लेन्स, १८ मिमी, एफ ८ असेल तर ३२४ भागिले ०.१६, म्हणजे २०२५ मिमी, धरून चला दोन मीटर. बास, हा एक आकडा पाठ करा, अख्खा तक्ता पाठ करायची गरज नाही.

किट लेन्सवर अंतराचे आकडे नसतात, तर काय करायचं, अडीच-तीन ढांगांवर एखादा दगड बघायचा, त्याच्यावर ऑटोफोकस करायचा, मग स्विच एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाकायचा आणि झूमला हात लावायचा नाही. लावलाच तर फोकस परत करा, कारण ३५ मिमीला हेच अंतर साडेसात मीटरच्या पुढे जातं. दोन मीटर म्हणजे नक्की किती हे आधी पार्किंगमध्ये टेप लावून बघून ठेवा. आणि अंदाज चुकायचाच असेल तर दोन मीटरच्या पलीकडे चुकू दे, दगड दीड मीटरवर निघाला तर तोरणा गेला.

अजून एक, हे आकडे छोटी प्रिंट हातात धरून बघायची या हिशोबाने काढलेले असतात, स्क्रीनवर १०० टक्के झूम करून बघणाऱ्याला डोंगर थोडा सॉफ्टच वाटणार. म्हणून मी अंतर एफ ८ चं घेतो आणि शूट एफ ११ ला करतो, छिद्र अजून लहान म्हणजे शार्प पट्टा अजून मोठा. एफ २२ च्या नादी लागू नका, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे फार बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळीच फ्रेम मऊ पडते. एफ ११ ला शटर स्लो होतं आणि गडावर वारा असतोच, त्यात फुलं हलली की लोक फोकसला शिव्या घालतात, शटर फास्ट ठेवायला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा की बिनधास्त.

फूल अगदी लेन्ससमोर वीतभर अंतरावर असेल तर मात्र हे चालणार नाही. दोन पावलं मागे सरका, नाहीतर वारा पडल्यावर वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून दोन-तीन फोटो काढा आणि फोकस स्टॅक करा, म्हणजे नंतर ते एकत्र जोडा.